कुठली पलटण, साहेब? जखमी आणि बेघर माजी सैनिकाला कामावर परत आणण्याची वाट

ठाण्यात बेघर माजी सैनिक फलाटावर सापडतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी वर्ष-दोन वर्षं तो एखाद्या सोसायटीच्या मीटररूममध्ये, जिन्याखाली किंवा गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये राहत असतो आणि आपण त्याला ‘वॉचमन’ म्हणून ओळखत असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडचा माणूस. फौजेतून घरी आला, भावकीत पटलं नाही, शेतीत भागलं नाही, म्हणून गाववाल्याच्या ओळखीने इथे गार्डची नोकरी धरली. पगार जेमतेम, पण झोपायला जागा मिळाली. मग सोसायटी एजन्सी बदलते आणि नोकरी व छप्पर एकाच संध्याकाळी जातं.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कामगारांची भरती, हजेरी, रजा, तक्रारी हे सगळं बघायचे. वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातून, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मी निवृत्त झाल्यावर आम्ही चार-पाच जणांनी हे काम सुरू केलं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. एक कपाट आहे आणि त्यात फायली आहेत. आम्ही हाताळलेली माणसं फार नाहीत, चुका मात्र पुष्कळ. त्यातून जो क्रम बसत गेला तो इथे लिहिते. क्रमाला महत्त्व आहे, कारण आम्ही सुरुवातीला प्रत्येक वेळी थेट कामापासून सुरुवात करायचो आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटायचो.

पहिली भेट

चहा घ्या, बसा, आणि विचारा, “कुठली पलटण, साहेब?” बाकी काही विचारू नका. “पाय कसा गेला?”, “घरचे कुठे आहेत?”, “पिता का?” हे प्रश्न त्याला आधी शंभर जणांनी विचारलेले असतात. पलटणीचा प्रश्न बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेला नसतो. हुद्दा कळला की त्याच हुद्द्याने हाक मारा: नायकसाहेब, हवालदारसाहेब. ‘काका’ नको, ‘बिचारा’ तर त्याच्या माघारीही नको.

तो सावकाश बोलायला लागला की वहीत पाच गोष्टी उतरवा: आर्मी नंबर, हुद्दा, रेजिमेंट किंवा कोअर, भरतीचं आणि बाहेर पडल्याचं साल, आणि बाहेर कसा पडला. नंबराची काळजी करू नका. बायकोचा फोन नंबर विसरलेला माणूस आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट एका दमात सांगतो. आमच्याकडे आलेल्या एकाला स्वतःचं वय नीट सांगता येत नव्हतं, नंबर मात्र तोंडपाठ होता. त्या एका नंबरावरून पुढचं सगळं उभं राहिलं.

‘बाहेर कसा पडला’ यावर पुढची वाट ठरते. पूर्ण नोकरी करून पेन्शनवर आलेला, मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या समितीने, सेवेला अयोग्य ठरवून घरी पाठवलेला, पेन्शन लागण्याआधी स्वतःहून सोडून आलेला आणि शिस्तभंगावरून काढलेला, हे चार वेगळे रस्ते आहेत. सरकारी व्याख्येत या चौघांतले सगळे ‘माजी सैनिक’ बसत नाहीत. शेवटच्या दोघांना सैनिक कल्याणाच्या योजनांचं दार बहुधा बंदच असतं. तरी त्यांना परत पाठवू नका. त्यांच्यासाठी महापालिकेच्या आणि दिव्यांगांच्या योजना उरतात, आणि काम तर उरतंच.

तोतयेही भेटतात. मिलिटरी रंगाचे कपडे बाजारात सहज मिळतात. उलटतपासणी घेऊ नका, खरंखोटं कागद आपोआप सांगतात. एक जण आमच्याकडे असा निघाला. त्याला निवाऱ्यात पोचवलं, कामही बघून दिलं, फक्त फौजी म्हणून कुणाशी ओळख करून दिली नाही.

छप्पर

कामाच्या आधी झोपायची जागा लागते, आणि ती कामाच्या जागेपासून वेगळी लागते. हा आमचा एकमेव न मोडणारा नियम आहे. राहण्याची सोय ‘फुकट’ देणारी नोकरी म्हणजे मघाशी सांगितलेलीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिका बेघरांसाठी निवारा केंद्रं चालवतात. नागरी उपजीविका अभियान या केंद्राच्या योजनेने घालून दिलेल्या निकषाप्रमाणे लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय हवी. प्रत्यक्षात जागा कमी पडतात, म्हणून आधी महापालिकेच्या समाजविकास विभागात फोन करून जागा आहे का ते विचारा आणि मगच माणसाला घेऊन जा. एवढी पायपीट करवून दारातून परत फिरवलेला माणूस दुसऱ्यांदा तुमच्याबरोबर येत नाही.

निवाऱ्यात तीन गोष्टी बघून घ्या: खालच्या मजल्यावर खाट मिळेल का, संडास कमोडचा आहे का, आणि ट्रंक कुलूप लावून ठेवता येईल का. फौजी माणसाची काळी पत्र्याची ट्रंक, तीवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, ही त्याची उरलेली इस्टेट असते. ट्रंक सुरक्षित नसेल तर तो तिच्याजवळ बसून राहील, पण कुठे जाणार नाही.

स्वतःच्या घरी कुणाला ठेवू नका. आम्ही एकाला एका सदस्याच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवलं होतं. तिसऱ्या महिन्यात उपकाराचं ओझं दोन्ही बाजूंना झालं आणि तो न सांगता निघून गेला. पुढे पगार सुरू झाला की दिघा, घणसोली, कळव्याकडे दोघांत मिळून भाड्याची खोली घेणं जमतं. डिपॉझिट आपण उसनं द्यायचं आणि दर महिन्याला थोडं-थोडं परत घ्यायचं. परत घ्यायचंच. ते माफ केलं तर त्याचा भाडेकरू म्हणून असलेला मान जातो.

कागद

इथे वेळ जातो, आणि इथेच पैसा अडकलेला असतो. आम्ही भेटलेल्यांपैकी कित्येकांना पेन्शन मंजूर होती, ती फक्त थांबलेली होती.

सगळ्यात साधं कारण हयातीचा दाखला. संरक्षण खात्याची पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून थेट खात्यात येते, आणि वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे नोंदवावं लागतं. माणूस बेघर झाला, फोन चोरीला गेला, सिम बंद पडलं. ओटीपी येईना, दाखला राहिला, पेन्शन थांबली. दाखला नोंदवला की ती पुन्हा सुरू होते आणि मधली थकबाकीही मिळते. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यातच एक स्वस्त फोन आणि त्याच्याच नावावरचं सिम घेऊन देतो. पुढचे सगळे दरवाजे त्या एका सिमने उघडतात.

आधार हरवलं असेल किंवा पत्ता नसेल तर अडून बसू नका. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखांचं किंवा लोकप्रतिनिधीचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं. नावाची मात्र काळजी घ्या. फौजेच्या रेकॉर्डमध्ये आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, तेही भरती करणाऱ्या क्लार्कने ऐकलं तसं लिहिलेलं, आधारवर वेगळंच. ‘दत्तात्रय’चं स्पेलिंग मी चार तऱ्हांनी पाहिलं आहे. नवं आधार काढताना फौजेच्या कागदावरचंच स्पेलिंग धरा.

डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याची नोंदवही, नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आधी पोलिसांत हरवल्याची नोंद, मग प्रतिज्ञापत्र, मग या कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, अर्ज, असा रस्ता आहे. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे बदलतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. नौदलाच्या खलाशांचं तर आपल्या दारातच आहे, वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दच्या चीता कॅम्पला. एका खलाशाचा कागद आम्ही दिल्लीला पत्रं लिहून आठ महिने शोधत होतो. तो नेरूळला राहायचा.

मेडिकल बोर्डाने घरी पाठवलेल्यांची फाईल नीट वाचा, घाई करू नका. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं, आणि ते २० टक्के किंवा जास्त आहे, असं ठरलं तर अपंगत्वाची पेन्शन लागते. त्यातही बोर्डावर घरी आलेल्यांसाठी टक्केवारी वर ओढली जाते: ५० च्या खालचे ५० धरले जातात, ५० ते ७५ चे ७५, आणि त्यावरचे १००. पण बऱ्याच जणांच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारलेला असतो, आणि माणूस तो शेरा नशीब म्हणून घेऊन घरी येतो. त्यावर अपील करता येतं. ते फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत आला असं सैनिकाच्या बाजूने धरायचं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ ला सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करा.

पेन्शनच नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या आणि ६५ ओलांडलेल्या माजी सैनिकाला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हलाखीसाठीचं मासिक अनुदान मिळतं. ते ४,००० रुपये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालं. अर्ज बोर्डाच्या पोर्टलवर करायचा, छाननी जिल्हा कार्यालय करतं. ठाण्यात ८,००० मध्ये खोली मिळणार नाही, पण औषधं आणि जेवण निघतं.

दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, वेगळं काढावंच लागतं. मिलिटरी बोर्डाची टक्केवारी एक, सिव्हिलच्या डॉक्टरांची दुसरी. दोन्ही जुळतीलच असं नाही, आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. लोकलच्या दिव्यांग डब्यासाठी, महापालिकेच्या योजनेसाठी, नोकरीतल्या राखीव जागेसाठी हे कार्ड लागतं.

आणि आता थकबाकीबद्दल, कारण याबद्दल आम्हाला कुणी सावध केलं नव्हतं. थकबाकी जमा होण्याचा दिवस या सगळ्या प्रवासातला सर्वात धोक्याचा. एकाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली. दहा वर्षं फोन न उचललेला चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी निवाऱ्याच्या दारात उभा. महिन्याभरात पैसे संपले आणि माणूस पुन्हा पुलाखाली. तेव्हापासून आम्ही पैसे येण्याआधीच त्याच्याशी बोलून, त्याच्याच सहीने, मोठा हिस्सा मुदत ठेवीत टाकायचं ठरवून घेतो. त्याच्या पैशावर आपली सही किंवा आपलं नाव कुठेही येऊ देऊ नका, नॉमिनी म्हणूनही नाही.

शरीर आणि झोप

पेन्शनर असेल तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढा. २००३ पासूनची ही योजना आहे आणि तिच्या पॉलिक्लिनिकमधून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवतात. कृत्रिम पायासाठी फौजेचं स्वतःचं केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे, आणि मणक्याची इजा असेल तर खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. पेन्शन नसलेल्यांसाठी हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था हा चांगला पर्याय आहे. कृत्रिम अवयव आणि अपंगत्वाची तपासणी दोन्ही तिथे होतात.

पाय बसवला म्हणजे संपलं असं समजू नका. ठाण्याच्या पावसात कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, ओल राहते, उरलेल्या पायाची कातडी सोलते, आणि माणूस कामावर यायचा बंद होतो. मालक म्हणतो, “टाळतोय.” बदलायला दोन जास्तीचे मोजे आणि कामाच्या जागी पाय काढून दहा मिनिटं बसायला आडोसा, एवढ्याने जुलै निघतो.

झोपेबद्दल विचारा. “रात्री कितीला उठता?” हा प्रश्न “तुम्हाला मानसिक त्रास आहे का?” यापेक्षा शंभर पटींनी चांगला. उत्तर ‘दोन’, ‘तीन’ असं आलं तर मानसोपचाराची गरज असू शकते. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे, १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. ‘मेंटल’ हा शब्द ठाण्यात रस्त्याच्या नावासारखा वापरला जातो, त्यामुळे मनोरुग्णालयाचं नाव काढलं की माणूस हबकतो. पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा आणि रांगेत बाजूला उभे राहा.

दारूचं लपवू नका आणि भांडवलही करू नका. सोडून मग काम की काम मिळाल्यावर सोडेल, यावर आमच्यात अजून वाद आहेत. माझं मत असं की रोज सकाळी पिणाऱ्याला आधी उपचार, संध्याकाळी पिणाऱ्याला उपचार आणि काम एकदम. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. इथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका होतात. त्या मराठीत असतील तरच पाठवा. पोटातलं परक्या भाषेत निघत नाही.

काम

फौजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेट, खुर्ची आणि शिट्टी येते. यात सगळ्यांत जास्त नुकसान होतं. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही एका गुडघ्याखाली पाय गेलेल्या नायकाला एका व्यापारी संकुलाच्या तळघरातल्या पार्किंगवर बारा तासांच्या रात्रपाळीला लावलं आणि एकमेकांची पाठ थोपटली. नवव्या दिवशी तो गेला. नंतर कळलं की तो सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलाचा, माणूस होता, रेडिओ सेट उघडून दुरुस्त करायचा. आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून एक पूर्ण दुपार काढा आणि त्याला त्याचा फौजेतला दिवस सांगायला लावा. परेड आणि लढाई नको. साडेनऊनंतर हातात काय असायचं? कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, शस्त्रांचा हिशोब ठेवायचा? गाड्यांची लॉगबुक भरायचा? लंगरमध्ये दोनशे माणसांचा शिधा काढायचा? कुत्री सांभाळायचा? जखमींना टाके घालायला मदत करायचा? बंदुकीखेरीज हातात जे होतं, त्यात त्याचं काम लपलेलं असतं.

मग ते इथल्या भूगोलावर मांडा. सिग्नल्सवाल्याला रबाळे-महापेच्या डेटा सेंटरमध्ये नियंत्रण कक्षात बसून पडदे आणि अलार्म बघायचं काम जमतं. गाड्यांच्या वर्कशॉपमधला माणूस गाडीखाली शिरू शकत नसेल, तर टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या वाहतूकदाराकडे गाड्यांच्या फेऱ्या, टायर आणि डिझेल यांचं वेळापत्रक सांभाळू शकतो. कोत किंवा स्टोअर सांभाळलेला तुर्भ्याच्या बाजारातल्या गोदामात आवक-जावक लिहू शकतो. फौजेत एक काडतूस कमी भरलं तर रात्र जागून शोधायची सवय असते, ती तिथे सोन्याच्या भावाची ठरते. फौजेतल्या क्लार्कसाठी सोसायटीचं कार्यालय आहे. ठाणे आणि नवी मुंबईत सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना तोटा नाही, आणि प्रत्येक कमिटीला नीट पावत्या फाडणारा, लिफ्टवाल्याला वेळेत फोन करणारा, कुणाच्याही आवाजाने न घाबरणारा मॅनेजर हवा असतो.

मला सगळ्यांत समाधान दिलेली जागा मात्र मैदानावरची. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर आणि मैदानावर पळत असतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची: १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एक हवालदार, उजवा हात कोपरापासून निकामी, एका भरती अकादमीत घड्याळ घेऊन उभा राहायला लागला. पहिल्या आठवड्यात तो फक्त वेळ लिहायचा. मग एक दिवस त्याने एका पोराला थांबवून सांगितलं की तू श्वास पहिल्याच फेरीत संपवतोस. पुढच्या महिन्यात पोरं त्याच्या अर्धा तास आधी मैदानावर यायला लागली. अकादमीवाल्याला मात्र वाटत होतं की हे समाजसेवेत बसतं, चहा-नाश्ता पुरे. तिथे मी कारखान्यातली जुनी मॅडम झाले. महिन्याचा पगार, तारीख, बँकेत जमा, हे लिहून घेतलं. मानधन हा शब्द दिसला की मी सावध होते, कारण त्या शब्दात मान असतो आणि धन बहुतेक वेळा राहून जातं.

गार्डचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला स्वतःला तेच हवं असेल तर मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, किंवा सुरक्षा रक्षक मंडळाच्या नोंदणीतून जा. आठ तास, दिवसपाळी, शक्यतो कॅमेऱ्यांच्या खोलीत. दहीहंडी आणि दिवाळीत त्याला रस्त्यावरच्या गेटवर उभं करू नका. ठाण्यातले फटाके सीमेवरून आलेल्या माणसाला वेगळे ऐकू येतात.

राखीव जागांचे अर्ज भरून ठेवा. राज्याच्या क आणि ड गटांत १५ टक्के, केंद्राच्या क गटात १० टक्के, सरकारी बँकांत क गटात साडेचौदा. वयातही सूट आहे. पण जाहिरात, परीक्षा, निकाल यात दोन वर्षं जातात, तोवर हातात काही हवं. नवीन कौशल्य शिकायचं तर सायनला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. दूर राहायची तयारी असेल तर अपंग सैनिकांसाठीच १९१७ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे.

धंद्याचं कर्ज पहिल्या वर्षी नको. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष गटात येतात आणि शहरात प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान मिळतं, हे खरं. पण ज्याला नुकतीच रात्रीची झोप लागायला लागली आहे त्याच्या डोक्यावर हप्ता ठेवू नये. वर्षभर पगार हातात खेळला की मग बघू.

मालकाशी बोलणी

“देशासाठी पाय दिला” या वाक्याने सुरुवात केली तर मालक हात जोडतो आणि पाकीट काढतो. पाकीट नको, जागा हवी. मी त्याला कामाचं वर्णन विचारते: दिवसात किती जिने, किती उभं राहणं, किती वजन, किती लिहिणं. मग आपल्या माणसाला काय येतं ते सांगते, अपंगत्व शेवटी. बहुतेक वेळा लागतं ते फारच थोडं: उंच स्टूल, तळमजल्यावरची हजेरी, पायरीवर लाकडी उतार.

कंपनी मोठी असेल तर तिला सांगा की माजी सैनिकांच्या हिताचा खर्च कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरता येतो. त्या पैशातून निवाऱ्याचा किंवा प्रशिक्षणाचा खर्च मागा. पगार मात्र पगाराच्याच खात्यातून निघाला पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी सीएसआरचा विषय बदलला तरी माणूस राहतो.

माणसालाही एक शंका असते, ती तो विचारत नाही: नोकरी धरली तर पेन्शन बंद होईल का? खाजगी नोकरीने पेन्शन बंद होत नाही, अपंगत्वाचीही नाही. हे त्याला स्पष्ट सांगा. रोख पगार मागणाऱ्या अर्ध्या लोकांच्या मागे हीच भीती असते.

हो म्हणण्याआधी एकदा त्याच्याबरोबर प्रवास करा, सकाळी साडेआठला. ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर फलाटापर्यंतचा पूल, दिव्यांग डब्यात चढणं, रबाळ्याला उतरून शेअर रिक्षा, गेटपासून खुर्चीपर्यंतचं चालणं. आम्ही एकदा हे केलं नाही. नोकरी उत्तम होती, स्टेशनचे जिने चुकीचे होते.

पहिले सहा महिने

पहिला आठवडा रोज दोन तास, दुसरा चार, महिन्याअखेर पूर्ण दिवस. मालक ऐकत नसेल तर किमान शनिवार सुट्टीचा घ्या. तिसऱ्या आठवड्यात हमखास एक दिवस दांडी पडते. फोन करू नका, जा. पलटणीत माणूस परेडला दिसला नाही तर कुणीतरी बराकीत बघायला जायचं, तेवढंच हे.

त्याच्यावर सोपवलेलं काहीतरी असू द्या: गोदामाची किल्ली, मैदानाचं घड्याळ, नवीन आलेल्या माणसाला शिकवणं. जबाबदारी नसलेली हलकी कामं देऊन त्याला ‘जपणारे’ मालक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे माणसं टिकत नाहीत. चूक झाली तर इतरांना बोलतात तसं त्यालाही बोलू द्या.

घरच्यांचा विषय तो काढेल तेव्हा. गावी जाऊन यायचं म्हणाला तर तिकीट दोन्ही बाजूंचं काढा आणि परतीची तारीख मालकाला सांगून ठेवा.

तारखा कुठेतरी लिहून ठेवा. हयातीचा दाखला बहुतेकांचा नोव्हेंबरात, ईसीएचएसची औषधं महिन्याला, खोलीचा करार अकरा महिन्यांनी. दुसऱ्या वर्षापासून हे सगळं तो स्वतः करतो, पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तरी अजून सगळ्यांना एक फोन करते. “दाखला झाला का?” एवढंच विचारते. आणि जमलं तर खोलीवर एक चक्कर मारते. सुरुवातीला ट्रंक दाराजवळ असते, वर घडी घातलेलं कांबळं, केव्हाही उचलून निघता येईल अशी. मैदानावरच्या त्या हवालदारसाहेबांची ट्रंक मागच्या खेपेला पलंगाखाली आत सरकलेली होती. वरती पोरांच्या भरतीच्या अर्जांचा गठ्ठा होता, आणि मी चहा घेईपर्यंत दारात दोघं जण सही घ्यायला येऊन उभे राहिले होते.